डोंगर चढून तब्येत परत मिळवायची: लांब पल्ल्याचं लक्ष्य कसं आखावं?

चढण

बैठ्या कामात गेलेली तब्येत परत आणायला 'इतके डोंगर चढून पूर्ण करायचे' असं एक-दोन वर्षांचं लक्ष्य घ्यायचं, हा उद्योग जगात बऱ्याच ठिकाणी चालतो. त्याचं नियोजन कसं करावं, आकडे काय धरावेत आणि कुठे बिनसतं, यासाठी हा धागा. 'मनात आणलं की होतं' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, त्यासाठी वेगळे धागे भरपूर आहेत.

सुरुवात लक्ष्यापासून. सगळ्यात प्रसिद्ध यादी स्कॉटलंडची. ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये ३,००० फुटांवरच्या, म्हणजे ९१४.४ मीटरवरच्या डोंगरांची यादी छापली. आज तिच्यात २८२ शिखरं आहेत. ती पहिल्यांदा पूर्ण केल्याचं श्रेय १९०१ मध्ये ए. ई. रॉबर्टसन यांना दिलं जातं, खुद्द मन्रोंची यादी मात्र अपुरीच राहिली. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये अशीच २१४ डोंगरांची वेनराइट यादी आहे. लोक या याद्यांना वीस-वीस वर्षं देतात.

पण तब्येतीसाठी यादी हे माप मला पहिल्या वर्षी चुकीचं वाटतं. यादी डोंगराची उंची बघते, तुमचे गुडघे बघत नाही. सोपे डोंगर आधी संपतात, आणि ज्या टप्प्यावर हळूहळू वाढ हवी तिथे अचानक मोठी उडी पडते. त्यापेक्षा एकूण चढ मीटरमध्ये मोजावा.

धडधाकट पण सवय तुटलेल्या माणसाला वर्षाला २४,००० मीटर हा आकडा झेपण्यासारखा आहे. त्याला ५२ ने भागू नका, ४० ने भागा. बारा आठवडे आजारपण, पाऊसपाणी, लग्नकार्य यांत जातातच, ते आधीच वजा धरलेले बरे. सरासरी येते आठवड्याला ६०० मीटर, पण सुरुवात तिथून करायची नाही. पहिले १० आठवडे सरासरी ३०० (एकूण ३,०००), पुढचे १० आठवडे ५०० (५,०००), उरलेले २० आठवडे ८०० (१६,०००). पहिला आठवडा तर २०० लाच थांबवा. दर चौथ्या आठवड्यात आकडा तिसऱ्या हिश्श्याने कमी करायचा, आणि तो कमी केलेला आठवडा धरूनच वरच्या सरासऱ्या आहेत.

---

कंटूर

मीटरवाल्या मापाशी अर्धा सहमत. मीटर एकाच टेकडीवर वर-खाली करूनही भरतात आणि लोक तसंच करतात. मग पायाला एकाच वाटेची सवय होते. घोट्याला खडक, गवत, मुरूम, ओली माती असं सगळं लागतं, नाहीतर वर्षभराने नवी वाट दिसली की पहिल्याच दिवशी पाय मुरगळतो.

मधला मार्ग असा की यादी स्वतः करावी. पोहोचण्यासारख्या अंतरातले २५-३० डोंगर, पायथ्यापासूनच्या चढाप्रमाणे तीन गटांत: ३०० मीटरपर्यंतचे, ३०० ते ६०० आणि ६०० ते ९००. समुद्रसपाटीपासूनची उंची बघू नका, तिचा इथे काही उपयोग नाही. १,४०० मीटरचा डोंगर जर १,१०० मीटरवरच्या पठारावरून चढायचा असेल, तर तो पहिल्या गटातला. वरचा गट कधी उघडायचा? आधीच्या गटातले पाच वेगवेगळे डोंगर झाले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं नाही, की.

---

उतरणकर

दोघांनीही चढाचंच लिहिलंय. सगळे चढाचंच लिहितात. माणूस चढताना दमतो आणि उतरताना मोडतो. हा अख्खा उद्योग जिथे फसतो ती जागा उतार आहे, म्हणून जरा सविस्तर.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावतो. अशा कामात ऑक्सिजन कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही आणि 'आता काय, उतारच आहे' असं वाटतं. पण तेवढाच भार कमी तंतूंवर पडतो आणि त्यांना सूक्ष्म इजा होते. दुखणं त्या दिवशी येत नाही. ते २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचतं, आणि स्नायूची ताकद त्याहूनही काही दिवस जास्त कमी राहते. रविवारी डोंगर, मंगळवारी जिना उतरता येत नाही, आणि पुढच्या रविवारी अजून अर्धवट असलेल्या मांड्यांवर पुन्हा डोंगर, असं ते चक्र.

चांगली गोष्ट ही की या इजेपासून संरक्षणही त्याच कामातून मिळतं. थोडासा उतार पचवला की पुढचे काही आठवडे तेवढाच उतार फारच कमी दुखवतो. म्हणजे उतार टाळायचा नाही, त्याचा डोस ठरवायचा. पहिल्या महिन्यात एका दमात २०० ते २५० मीटरपेक्षा जास्त उतरू नका. चढ जास्त झेपत असेल आणि खाली यायला गाडीरस्ता किंवा रोपवे असेल तर बेलाशक वापरा, लाज कसली! त्यानंतर दर दोन आठवड्यांनी ५०-७५ मीटर वाढवा.

आता कालावधीचं गणित. दम साधारण चार ते सहा आठवड्यांत सुधारतो. स्नायूंना त्याहून वेळ लागतो. स्नायू हाडाला बांधणारे कंडरे आणि सांध्याभोवतीच्या ऊती सगळ्यात मागे, त्यांना महिनेच्या महिने लागतात. त्यामुळे सहावा ते दहावा आठवडा सगळ्यात धोक्याचा. छाती म्हणते 'अजून चढ', आणि गुडघ्याच्या वाटीखालचा किंवा टाचेमागचा कंडरा अजून पहिल्याच महिन्यात असतो. लक्ष्य सोडून देणारे बरेचसे इथेच सोडतात, आणि नाव मात्र वयाला ठेवतात.

उतरण्याची पद्धत: पावलं चढापेक्षाही छोटी. गुडघा कधीही पूर्ण ताठ करून पाय टेकवायचा नाही, थोडा वाकलेला हवा. तळवा सपाट पडावा. मागे रेलू नका. भीतीने मागे रेललं की वजन टाचेवर जातं आणि घसाऱ्यावर टाच आधी सुटते. वजन पुढच्या पायावर, नजर तीन-चार पावलं पुढे. वाट रुंद असेल तर नागमोडी उतरा. उंच पायरीवरून उडी मारायची नाही, अंग बाजूला वळवून एकेक पाय खाली घ्यायचा. शेवटचा टप्पा पायथा दिसतोय म्हणून पळत उतरू नका. दमलेली मांडी धक्का पेलत नाही, पाय लटपटतात, आणि घसरणं-पडणं नेमकं तिथे होतं.

एक युक्ती. सॅकमध्ये वजन घेऊन सराव करायचा असेल तर ते जादा पाण्याच्या बाटल्यांच्या रूपात घ्या आणि माथ्यावर ओतून द्या. चढाला भार मिळतो, उताराला गुडघे सुटतात. प्यायचं पाणी मात्र वेगळं मोजून ठेवा, ओतण्याच्या भरात तेही जातं.

---

झुळूक

उतरणकर, प्रतिसाद आवडला. काठ्यांबद्दल लिहाल का? एक घ्यावी की दोन? आणि 'काठ्यांची सवय लागते' म्हणतात ते खरं आहे का?

---

उतरणकर

दोन. एकाच काठीने शरीर एका बाजूला झुकतं. सपाटीवर टोक जमिनीवर टेकलं असता कोपरात काटकोन व्हावा, एवढी उंची. चढाला ५ ते १० सेंटीमीटर आखूड, उताराला तेवढीच लांब. पट्ट्यात हात खालून घालून वर काढायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची, म्हणजे भार मनगटावर येतो आणि मूठ आवळावी लागत नाही. उताराला काठी आधी टेकते, पाऊल मागून. उलट झालं तर ती नुसती शोभेची.

सवयीचं म्हणाल तर अर्धसत्य. काठ्यांमुळे गुडघ्यावरचा भार कमी होतो, पण तोल सांभाळण्याचा घोट्याचा सरावही कमी होतो. म्हणून सोप्या उताराला काठ्या सॅकला अडकवा, लांब किंवा निसरड्या उताराला काढा. जिथे हात वापरून चढावं लागतं तिथे त्या हातात नकोतच, दगडात अडकतात.

---

नाडी७२

जोराबद्दल. सुरुवातीच्या तीन महिन्यांत चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर आलात तर वेग जास्त आहे. जोर मोजायला याहून सोपं यंत्र नाही. घड्याळावरची नाडी बघणाऱ्यांसाठी: २२० वजा वय हे सूत्र ढोबळ आहे, एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज. २०८ वजा (०.७ × वय) हे मोठ्या वयात थोडं बरं बसतं. दोन्ही सरासऱ्याच आहेत. बीटा-ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नाडी हवी तेवढी वाढत नाही, तिथे दोन्ही सूत्रं कचऱ्यात टाका आणि बोलण्यावरच ओळखा. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर डोंगरानंतर काही तासांनी, रात्री झोपेतही उतरू शकते. डोस आणि खाणं डॉक्टरांशी आधी ठरवावं.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, किंवा चढाच्या मानाने भलतीच धाप लागली तर थांबायचं, खाली यायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. 'गॅस असेल' हे निदान डोंगरावर करू नये. चाळिशी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या माणसाने आधी तपासणी करून घ्यावी.

वजनाबद्दल भ्रम नको. ७० किलोच्या माणसाला १०० मीटर वर न्यायला सुमारे ६९ किलोज्यूल, म्हणजे साधारण १६ किलोकॅलरी यांत्रिक काम लागतं. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के, त्यामुळे शरीर खर्च करतं ६५ ते ८० किलोकॅलरी. म्हणजे ५०० मीटरच्या चढाचे, आडवं अंतर सोडून, साडेतीनशेच्या आसपास. खाली उतरल्यावर एका बैठकीत ते परत येतात. तब्येत सुधारल्याचं माप काट्यावर शोधू नका.

माप हवं तर असं घ्या: एकच ठरावीक चढ, दर सहा आठवड्यांनी, पूर्ण वाक्य बोलता येईल त्याच वेगाने, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी. किती मिनिटं लागली ते लिहा. ऊन आणि दमट हवा सहज काही मिनिटं खातात, म्हणून हवा कशी होती तेही शेजारी लिहा.

---

पायरी-पायरी

आठवड्यातून एकदाच डोंगर जमणाऱ्यांसाठी मधल्या दिवसांचं. दोन दिवस पुरतात, २०-२५ मिनिटं.

जिना: पायरी साधारण १७ सेंटीमीटर असेल तर १०० मीटरला ५९० पायऱ्या. आपली पायरी मोजून घ्या, फरक पडतो. पहिले तीन-चार आठवडे लिफ्ट असेल तर चढून जा आणि लिफ्टने खाली या. नंतर एकेक फेरी पायी उतरा. वर उतरणकरांनी डोसचं सांगितलंय, तो इथे मोजून देता येतो. डोंगरावर तसा देता येत नाही, तिथे बहुतेक वेळा चढलात तेवढं उतरावंच लागतं.

जिना नसेल तर २० सेंटीमीटरचा हलणार नाही असा ठोकळा. त्यावरून पुढच्या बाजूला उतरायचं, एक पाय ठोकळ्यावरच, दुसऱ्याची टाच जमिनीला टेकेपर्यंत तीन सेकंद, मनात मोजत. गुडघा आत कोसळता कामा नये, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशासमोर करा. कोसळत असेल तर ठोकळा १० सेंटीमीटरचा घ्या आणि कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम जोडा. प्रत्येक पायाने ८ चे तीन संच, हळूहळू १२ चे तीन.

पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी वर, एका पायाने हळू खाली, १५ चे तीन संच. याशिवाय एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, ते जमलं की डोळे मिटून. दात घासताना होतं, वेगळा वेळ लागत नाही.

डोंगराच्या आदल्या दिवशी यातलं काहीही करू नका.

---

झुळूक

पायरी-पायरी, साधं दुखणं आणि थांबावं असं दुखणं, हे कसं ओळखायचं?

---

पायरी-पायरी

साधं दुखणं दोन्ही पायांना, स्नायूच्या मधल्या भागात, दाबलं की पसरट, आणि चौथ्या दिवसापर्यंत ओसरतं. थांबण्यासारखं दुखणं एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी. सकाळची पहिली पावलं टाकताना जास्त, सूज, गुडघा अडकणं किंवा अचानक सुटणं. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालतं, पण ते २४ तासांत पूर्वीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या आठवड्यात उतार निम्मा. दोन आठवड्यांत फरक नाही तर फिजिओथेरपिस्ट.

नडगीच्या हाडावर एकाच बिंदूत दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर ते स्नायूंचं समजून चालू ठेवू नका. हाडाला ताणाची बारीक चीर असू शकते.

---

कंटूर

बुटांचं थोडक्यात. संध्याकाळी, जाड मोजे घालून बघा, पाय तेव्हा थोडा सुजलेला असतो. फीत न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. उतरत्या फळीवर उभं राहा. अंगठा पुढे आपटत असेल तर तो बूट उतारावर नखं काळी करणार. नखं दोन दिवस आधी कापा, त्याच सकाळी नको.

उताराआधी फीत पुन्हा बांधा. घोट्याच्या वाकणावर दोन वेढ्यांची गाठ मारून मगच वरच्या हुकांत न्या, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. फोड उष्णता, घाम आणि घासणं यांनी येतात. चुरचुर जाणवली की तिथेच थांबून पट्टी लावायची. 'वर गेल्यावर बघू' म्हणालात की वर गेल्यावर फोडच बघायला मिळतो. सुती मोजे नकोत, ओले झाले की ओलेच राहतात.

वर्षानुवर्षं कपाटात पडलेले जुने बूट काढत असाल तर आधी तळवा वाकवून बघा. सोलमधला पॉलीयुरेथेनचा थर न वापरताही कुजतो आणि नेमका डोंगरावर सुटून येतो.

पाणी तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हात जास्त. तहानेपेक्षा खूप जास्त नुसतं पाणी ढोसणंही घातक, रक्तातलं मीठ पातळ होतं. तीन तासांवर चाल असेल तर खारट काहीतरी सोबत ठेवा.

---

चढण

वेळेचा अंदाज राहिला. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांचा १८९२ चा नियम अजून चालतो. मेट्रिकमध्ये: दर ५ किलोमीटरला एक तास, अधिक दर १०० मीटर चढाला १० मिनिटं. ८ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर १ तास ३६ मिनिटं + १ तास = २ तास ३६ मिनिटं. नियम सवयीच्या माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. नव्याने सुरू करणाऱ्याने दीडपट करावं, म्हणजे ३ तास ५४ मिनिटं, वर तासाला १० मिनिटं थांबण्याची. साडेचार तास झाले.

उतारासाठी गिर्यारोहक एरिक लँगम्युअर यांनी या नियमात केलेली दुरुस्ती: सौम्य उतार (५ ते १२ अंश) असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा, त्याहून तीव्र असेल तर १० मिनिटं अधिक. सवय नसलेल्यांनी वजाबाकी करूच नये.

परतीची वेळ घरीच ठरवा आणि कागदावर लिहा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पायथ्याशी, हे धरून मागे मोजत या. ती वेळ झाली की माथा शंभर मीटरवर असला तरी फिरायचं. मीटर मोजताय ना, मग झालेले मीटर जमा झालेच आहेत. शिखर मोजणाऱ्यांना हे जड जातं, मीटरच्या बाजूने हे माझं दुसरं कारण. तरीही हेडलॅम्प आणि शिट्टी सॅकमध्ये हवीच. मदतीसाठी मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर येतं ते मिनिटात तीन.

---

वाटसरू

खंड पडला तर? आजारपणात तीन आठवडे गेले की मागचे मीटर भरून काढायचे का?

---

नाडी७२

भरून अजिबात काढायचे नाहीत. त्यासाठीच चढण यांनी ४० ने भागलंय. एक आठवडा चुकला तर जिथे होतात तिथून पुढे. दोन-तीन आठवडे चुकले तर शेवटच्या आकड्याच्या दोन-तृतीयांशावर. महिन्याहून जास्त, तर निम्म्यावर, आणि उताराचा डोस पहिल्या महिन्याचा. ताप असताना डोंगर नाही. ताप गेल्यावरही दोन-तीन दिवस सपाटीवर चालून बघा. नाडी नेहमीपेक्षा बरीच वर राहत असेल तर अजून थांबा.

---

वाटसरू

धन्यवाद. आणखी एक. एकाच वाटेवर एका फोनने ५२० मीटर चढ दाखवला, दुसऱ्याने ६४०. वहीत कुठला लिहायचा?

---

कंटूर

बहुतेक दोन्ही चुकीचे. उपग्रहावरून मिळणारी उंची आडव्या जागेपेक्षा बरीच जास्त हलते, आणि ॲप प्रत्येक छोटी हालचाल चढ म्हणून बेरजेत घेतं. किती घेतं ते त्याच्या गाळणीवर अवलंबून, म्हणून दोन ॲपचं जमत नाही. झाडीत आणि कड्याखाली ही गडबड वाढते. दाबमापक असलेलं घड्याळ बरं, पण हवा पालटली की तेही सरकतं, म्हणून निघताना पायथ्याची माहीत असलेली उंची त्याला भरवायची.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे नकाशावर वाट काढून चढाच्या दिशेने ओलांडलेल्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) मोजणं. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर २० मीटरचं आणि २३ रेषा ओलांडल्या, तर ४६० मीटर. मधे खिंडीत उतरून पुन्हा चढ असेल तर त्या रेषा परत मोजायच्या, लोक इथेच कमी धरतात. वीस मीटरपेक्षा लहान चढउतार यात निसटतात, ते निसटू द्या. पद्धत एकच ठेवा, वर्षाच्या मध्ये बदललीत तर आधीची सगळी नोंद पुन्हा मोजावी लागेल.